दोन अर्धायुष्यं म्हणजे शून्य नव्हे

किरणोत्सारावरच्या तुमच्या लेखात 'दोन अर्धायुष्यांनंतर किरणोत्सार संपतो' असं छापलंय, ते कृपया दुरुस्त करा. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थातली निम्मी अणुकेंद्रकं क्षय पावायला लागणारा काळ. पहिल्या अर्धायुष्यात निम्मी जातात, दुसऱ्यात उरलेल्यांतली निम्मी. म्हणजे २५ टक्के शिल्लकच. आयोडिन-१३१ चं अर्धायुष्य सुमारे ८ दिवस. ८० दिवसांनी, म्हणजे दहा अर्धायुष्यांनी, १/१०२४ उरतं, तेव्हाही शून्य नाही.

अर्धायुष्य मोजण्याच्या प्रयोगाबद्दल मात्र लेख फारच घाईत आहे. बेरियम-१३७एम (अर्धायुष्य सुमारे अडीच मिनिटं) गायगर गणकाने (किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाने) मोजताना आधी स्रोत दूर ठेवून निदान १० मिनिटं पार्श्वभूमीची (स्रोत नसतानाही आसपास असणाऱ्या किरणोत्साराची) मोजणी घ्या आणि ती तितक्याच कालावधीच्या प्रमाणात प्रत्येक नोंदीतून वजा करा. हे केलं नाही तर शेवटच्या नोंदी खाली उतरतच नाहीत, आलेख सपाट होतो आणि अर्धायुष्य जास्त येतं. सुरुवातीला स्रोत फार जवळ असेल तर गणकाच्या मृतकाळात (एक कण नोंदवल्यावर पुढचा नोंदवता येत नाही त्या क्षणभरात) बरेच कण मोजायचे राहून जातात. गंमत म्हणजे ही चूकही उत्तर त्याच दिशेला, वरच ढकलते! म्हणून स्रोत थोडा लांब सरकवा, पण मग मोजणी संपेपर्यंत जागचा हलवू नका.

वजाबाकीनंतरच्या आकड्यांचा नैसर्गिक लॉगॅरिदम काळासमोर मांडा, ०.६९३ ला उताराच्या मूल्याने भागलं की अर्धायुष्य. शेवटच्या बिंदूंवर फार विसंबू नका, तिथे मोजणी थोडी असते: १०,००० मोजणीत अनिश्चितता १ टक्का, २५ मोजणीत २० टक्के.