रिव्ह्यूला उत्तर: आई घराबाहेर गेल्या त्या संध्याकाळबद्दल

नमस्कार ताई, घरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या आमच्या ब्युरोला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला, लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी तुमच्या आईंना सांभाळायला आलेल्या तिन्ही मावशींना आणि आमच्या कोऑर्डिनेटरला समोर बसवून विचारायचं होतं. तुमचं नाव, पत्ता, आईंची फाइल यातलं काही मी इथे लिहिणार नाही, तुम्ही स्वतः जे लिहिलंत तेवढ्यावरच बोलते. म्हणजे पाच आठवड्यांत तीन बायका बदलल्या, तिसरी मोबाईलवर असताना आई दार उघडून बाहेर पडल्या आणि वीस मिनिटांनी वॉचमनला गेटबाहेर भाजीच्या गाडीपाशी दिसल्या, आठ आठ दिवस अंघोळ नाही, मावशी आईंशी खोटं बोलतात, आणि शेवटचे दोन दिवस त्या गुंगीत होत्या म्हणजे काहीतरी दिलं असणार.

त्या संध्याकाळची चूक आमची आहे, सरळ आमची. मावशी लेकीशी फोनवर बोलत होत्या हे त्यांनी कबूल केलंय. संध्याकाळी सहाच्या सुमाराला डिमेन्शियाच्या (आईंना आहे तो विसरत जाण्याचा आजार) पेशंटची बेचैनी बऱ्याचदा वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात, त्या वेळेला आपल्याकडे कातरवेळ म्हणायचे, त्या दोन तासात नजर हलवायची नसते हे आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगतो. पण या मावशींचा तुमच्या घरातला तो दुसराच दिवस होता आणि आईंना "घरी जायचंय" सुरू होतं आणि त्या चपला घालून दारापाशी जातात ही गोष्ट आधीच्या मावशींना माहीत होती, तिसरीला कोणी सांगितलीच नव्हती. रस्त्यावर गाड्या होत्या, काहीही होऊ शकलं असतं, हे लिहितानाही पोटात गोळा येतो. तुमची आणि आईंची मनापासून माफी मागते.

तीन बायका का बदलल्या तेही सांगते. पहिलीच्या गावाकडे सासरे वारले, दुसरीला आम्ही दुसऱ्या पेशंटकडे हलवलं कारण तिथे अर्जंट होतं. हे दुसरं आम्ही करायला नको होतं. पडून असलेल्या पेशंटकडे बाई बदलली तर दोन दिवसात बसतं, कारण तिथलं काम डायपर, कूस बदलणं, नळीतून फीड असं ठरलेलं असतं, आणि आमच्या बायकांचं बेसिक ट्रेनिंगही बहुतेक तेवढंच असतं. चालत्या फिरत्या डिमेन्शियाच्या पेशंटला मात्र बाईचा चेहरा, तिचा आवाज, ती कुठल्या हाताने चहा देते हेच सगळं असतं. तो चेहरा दर दहा-बारा दिवसांनी बदलला की त्यांच्यासाठी रोज घरात चोर शिरल्यासारखं आहे. हे मला अकरा वर्षं ब्युरो चालवून कळत नव्हतं असं नाही, कळत होतं तरी बाई कमी पडली म्हणून हलवली.

आता अंघोळीचं. इथे मी मावशींच्या बाजूने उभी आहे. आठ दिवस अंघोळ नाही हे खरं, पण रोज कोमट पाण्याने अंग पुसलंय, कपडे बदललेत, रोजच्या नोंदींच्या वहीत तारखेनिशी आहे. आई बाथरूमच्या दारात किंचाळत होत्या आणि मावशींनी जबरदस्ती केली नाही हे बरोबरच केलं, ओल्या लादीवर ओढाताण झाली असती तर खुब्याचं हाड गेलं असतं. डिमेन्शियात अंगावर वरून पडणारं पाणी भीतीदायक वाटू शकतं, परक्या बाईसमोर कपडे उतरवायची लाज तर शाबूत असते. पण पहिल्या मावशी निघताना तुमच्या मावसबहिणीशी बोलल्या, तेव्हा कळलं की आई आयुष्यभर पहाटे पाचला, पूजेआधी, बादली-तांब्याने अंघोळ करायच्या. आम्ही सकाळी अकराला शॉवरखाली उभं करत होतो. आमच्या फॉर्मवर बीपी, शुगर, डायपर, अॅलर्जी सगळं विचारलेलं असतं आणि हे एक विचारलेलं नसतं, म्हणजे त्यातही दोष फॉर्मचा आणि माझा.

खोटं बोलण्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं पटलं. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, आई रोज विचारतात "हे कुठे गेले", आणि खरं सांगितलं तर दर वेळी त्यांना ती बातमी नव्याने कळते आणि नव्याने रडू येतं. म्हणून रोज खरं सांगा असं मी कुठल्याच मावशीला सांगणार नाही. पण "येतील पाच मिनिटात" हेही म्हणायला नको होतं, मला वाटतं त्या दिवशी आई काकांनाच बघायला खाली उतरल्या. आम्ही आता शिकवतोय की काकांबद्दलच विचारा, काय काम करायचे, जेवायला काय आवडायचं, त्यात त्या रमतात आणि दारापासून लांब येतात.

गुंगीचं मात्र ठामपणे सांगते, आमच्या मावशींनी तुम्ही भरलेल्या डबीतल्या गोळ्यांशिवाय एकही गोळी दिलेली नाही. आणि हे भांडणासाठी म्हणत नाहीये. डिमेन्शियाच्या पेशंटची तब्येत दोन दिवसात एकदम बदलली, गुंगी आली किंवा उलट भ्रम वाढला, तर बऱ्याचदा लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, नाहीतर पोट साफ नसणं निघतं, ताप येतोच असं नाही. मावशींनी तुम्हाला फोन करून "डॉक्टरांना दाखवा" असं सांगायला हवं होतं, त्यांनी ते फक्त वहीत लिहिलं. अजून दाखवलं नसेल तर आजच लघवीची आणि सोडियमची टेस्ट करा, आमच्यावर राग असू दे पण हे थांबवू नका. आणि आईंच्या गळ्यात नाहीतर बांगडीला नाव-फोनचं छोटं कार्ड अडकवा, दारालाही वरच्या बाजूला कडी लावा, खालची त्यांना सवयीने उघडता येते.

पैशांचं म्हणाल तर तिसऱ्या बाईचे सगळे दिवस आणि डिपॉझिट पूर्ण परत, सोमवारी ट्रान्सफर केलंय. डिमेन्शियाच्या पेशंटची बाई अर्जंटसाठी हलवायची नाही, आणि बदलावीच लागली तर जुनी आणि नवी दोन दिवस एकत्र, खर्च आमचा, हे या आठवड्यापासून लागू केलंय.

आणि वही आमच्याकडे राहिलीय. तुम्ही दुसरीकडून बाई ठेवली असेल तरी ती घेऊन जा किंवा मी पाठवते, त्यात दुसऱ्या मावशींनी लिहिलंय की संध्याकाळी सहाला ताटात तांदूळ निवडायला दिले की आई तासभर शांत बसतात, आणि खडे सापडले नाहीत तर चिडतात, म्हणून त्या दोन-चार खडे आधीच टाकून ठेवायच्या.