"गोळ्या सोडल्या आणि भाऊ फ्रेश झाला": शैलेशदादांना उत्तर

शैलेशदादा, कमेंट पूर्ण वाचली, रागासकट. तुमचं म्हणणं असं की मी औषध कंपन्यांची तळी उचलतेय, स्किझोफ्रेनियासारख्या (भास होणं, संशय येणं अशा) मानसिक आजारांवरच्या या गोळ्या म्हणजे नुसती गुंगी, आणि तुमच्या कळव्याच्या मावसभावाने त्या स्वतःहून सोडल्यापासून तो एकदम फ्रेश आहे.

फ्रेश असणारच हो! सुस्ती गेली, सकाळी जाग यायला लागली, तो खोटं नाही बोलत. पण गोळी सोडली की दुसऱ्याच दिवशी आवाज ऐकू येतात असं नसतं ना, मध्ये महिने जातात आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांच्या ६५ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या होत्या, वर्षभरात आजार पुन्हा उफाळला तो गोळ्या चालू असलेल्यांपैकी साधारण २७ टक्के जणांचा आणि नकली (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांपैकी ६४ टक्के जणांचा. म्हणजे गोळीशिवाय ठीक राहणारेही आहेतच, फक्त आपला माणूस त्यातला की नाही हे आधी कळत नाही.

आणि नुसती गुंगी असती तर पहिल्या रात्रीच काम झालं असतं, संशय आणि भास ओसरायला आठवडे का लागतात मग? कंपन्यांचं म्हणाल तर यातलं हॅलोपेरिडॉल हे औषध १९५८ चं, पेटंट कधीच संपलंय. क्लोझापिन हे दुसरं औषध बाकीच्या गोळ्या फेल गेल्यावरही लागू पडू शकतं, पण पांढऱ्या पेशी घसरायची भीती म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं (अशा मालाची जाहिरात कोण करेल!).

साइड इफेक्ट मी नाकारत नाहीये. माझा भाऊ सुरुवातीच्या डोसवर ट्रान्स हार्बर लोकलला सीट रिकामी असूनही नेरूळ ते ठाणे दारापाशी उभा, सारखा पाय बदलत, लोकांना वाटायचं प्यायलाय. मी मोबाईलवर शूट करून डॉक्टरांना दाखवलं, अकॅथिझिया (गोळ्यांमुळे येणारी, एका जागी बसू न देणारी बेचैनी) म्हणाले, डोस उतरवला, त्यावर प्रोप्रानोलॉलची गोळी जोडली, हळूहळू थांबलं. नंतर ओलॅन्झापिन या दुसऱ्या गोळीवर वजन वाढलं तेव्हा शुगर तपासून गोळी बदलली. भांडायचं ते डॉक्टरांशी भांडा ना, बिनधास्त, पण गोळ्या परस्पर बंद करू नका.

तुमच्या मावसभावाला एकदा डॉक्टरांकडे न्या आणि सोडल्याचं खरं सांगा. जुने डॉक्टर नको असतील तर ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. आणि त्याला स्किझोफ्रेनिया की बायपोलर (कधी खूप उदासी, कधी अति जोश) ते तुम्ही लिहिलंच नाहीये. बायपोलर असेल तर तीन तास झोपून दिवसभर जोशात असणं ही मॅनियाची (त्या अति जोशाच्या टप्प्याची) सुरुवातही असू शकते, तेव्हा तो हल्ली रात्री झोपतो किती ते मावशींना आजच विचारा.