निष्ठावंत प्रेक्षक व्हायचंय? मग हे करा

मालिकेचा वैताग आला म्हणून चॅनल बदलायचं, हा बालिशपणा आधी सोडा. पूर्वी ठीक होतं. एका चॅनलवर नायिकेच्या दुधात पुन्हा विष पडलं की आपण तणतणत दुसरं लावायचो आणि पहिल्याला धडा शिकवल्याच्या समाधानात जेवायचो. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे इथले मनोरंजनाचे धंदे एक झाले आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी एकाच छपराखाली आले. आता प्रवाहवर चिडून कलर्सकडे जाणं म्हणजे सासूवर रुसून सासऱ्यांच्या खोलीत जाऊन बसणं. जा की, कोण अडवतंय!

झी मराठीकडे जाईन म्हणता? अवश्य. त्यांचंही सोनीबरोबर विलीनीकरण ठरलं होतं. २०२१ मध्ये घोषणा झाली, दोन वर्षं बोलणी चालली आणि जानेवारी २०२४ मध्ये सगळं फिसकटलं. वर्षानुवर्षं लांबवून शेवटी काहीच घडू न देण्याची कला मालिकांनी कुठून उचलली, हे तरी यातून कळलं.

एकाच घराण्याशी इमान कसं राखावं, हे जुन्या ठाणेकरांकडून शिका. झी ज्यांनी सुरू केलं त्या एस्सेल घराण्याचा भरभराटीचा काळ आठवा. सकाळी दात घासताना हातात असलेली ट्यूब त्यांच्या कारखान्यातली असू शकायची. सुट्टीत पोरांना न्यायचं ते गोराईचं एस्सेलवर्ल्ड त्यांचं, १९८९ पासूनचं. गच्चीवरची डिश त्यांची, खाली हॉलमधली मालिका त्यांची, मालिकेनंतरच्या बातम्या त्यांच्या आणि दारात पडणाऱ्या डीएनए पेपरातही त्यांचा वाटा. त्यांचा नव्हता तो फक्त ठाणे स्टेशनचा पूल. पुढे २०१९ मध्ये ट्यूबचा कारखाना ब्लॅकस्टोनकडे गेला आणि त्याच वर्षी डीएनए छापायचाही बंद झाला. तेव्हापासून सकाळची वेळ तेवढी तुमची स्वतःची आहे. जपून वापरा.

आता पैशांचं. हवं तेच चॅनल निवडा आणि त्याचेच पैसे द्या, असा टीव्ही-फोनवाल्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायचा नियम २०१९ मध्ये लागू झाला. या मोहात पडू नका. नौपाड्यातल्या एखाद्या आजींना एकच मराठी चॅनल हवं असतं. केबलवाला दारात उभा राहून प्रेमाने म्हणतो, "आजी, सुटं महाग पडतं, पॅक घ्या ना." मग आजींच्या घरी कार्टून येतं, कुस्ती येते, कुठल्याशा जंगलातला मगरींचा हिशेब येतो. शिवाय नुसत्या जोडणीचे तेव्हा महिन्याला १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३. मालिका अजून सुरूच झालेली नाही बरं का.

एवढं भरूनही जाहिराती का, असं विचारणं असंस्कृतपणाचं आहे. नियमाने तासाला १२ मिनिटं: १० दुसऱ्यांच्या मालाची आणि २ चॅनलच्या स्वतःच्या कौतुकाची. आता २ मिनिटांत आत्मस्तुती आटपणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? म्हणून ती मालिकेतच मुरवतात. नायिकेच्या घरी अचानक सत्यनारायण निघाला की समजा, येत्या शुक्रवारी सिनेमा लागतोय. एक नट विनाकारण उंबऱ्यात उभा राहतो, सासूबाई खलनायकी विसरून त्याच्या हातावर प्रसाद ठेवतात आणि विचारतात, "काय रे, तुझा नवीन सिनेमा येतोय म्हणे?" सिनेमाला पैसा चॅनलच्याच बहीण कंपनीचा. तिकीट तुमचं. तिकीट हुकलं तर त्यांचं ॲप आहे, ॲपही हुकलं तर रविवारी दुपारी त्यांच्याच चॅनलवर 'वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर'. वर्षाअखेरीस पुरस्कार सोहळा पाहायला विसरू नका. आपल्याच चॅनलच्या पाच सासवांतून आपलीच एक सर्वोत्कृष्ट सासू निवडली जाते. चुरस भयंकर असते.

आणि हो, तुमच्या मताला किंमत आहे. फक्त ती, कोण काय बघतं हे मोजणाऱ्या बार्क संस्थेचा मीटर ज्या घरी आहे त्याच्या मताला आहे. देशभरात अशी घरं २०२५ मध्ये साधारण ५८,००० होती, आणि ती कुठली ते गुपित. तिथे प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबायचं, गुरुवारी आकडे येतात आणि नायिकेचं बाळ कुणाचं ते त्यावर ठरतं. तुमच्याकडे मीटर नसेल तर तुम्ही भक्तिभावाने बघा, शिव्या घालत बघा किंवा टीव्ही चालू ठेवून घोरा. कुणाला काही फरक पडत नाही, हे स्वातंत्र्य काय कमी आहे?

घोडबंदर रोडवाल्यांसाठी एक जादा सूचना. मालिकांतले सातारा-कोल्हापूरकडचे बरेच वाडे तुमच्याच मागच्या बाजूला, कासारवडवलीच्या आसपास प्लायवूडचे उभे आहेत. मानपाड्याला गाडी अडकली की मोबाईलवर मालिका लावा, पण हॉर्न वाजवू नका. पुढच्या गाडीत उद्याच्या भागाची नायिका मेकअप करून ताटकळलेली असू शकते. ती वेळेत पोचली नाही, तर उद्या तुमच्या वाट्याला पुन्हा अख्खा फ्लॅशबॅक.