व्यायाम नाही हो, कामावर चाललोय!

"वा, व्यायाम का?" लिफ्टमध्ये विचारतात, सिग्नलला विचारतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये तर रोज तेच चार लोक रोज नव्याने विचारतात. नाही हो. व्यायाम नाही. पुण्यात आनंदनगरहून शिवाजीनगरला सायकलने कामावर चाललोय. पाठीवर सॅक आहे, सॅकमध्ये डबा आहे, डब्यात शेपूची भाजी आहे. व्यायामाला कोणी शेपू घेऊन जातं का? स्कूटरवरून उतरणाऱ्याला मी कधी विचारतो का, "वा, कंबरदुखी का?"

साडेआठ किलोमीटर. पस्तीस मिनिटं. मध्यंतरी पाऊस फार होता म्हणून एक दिवस गाडी काढली, तर पोचायला तास लागला आणि लावायला जागा शोधण्यात वर वीस मिनिटं. मी हिशोबाच्याच धंद्यात आहे, मला एवढी वजाबाकी पुरते. पर्यावरण, कार्बन, पुढच्या पिढ्या यातलं काहीही सकाळी साडेनऊला माझ्या डोक्यात नसतं. तेव्हा डोक्यात एकच असतं: पुढचं चेंबर कुठे आहे?

कारण सायकलवाल्याची जागा म्हणजे रस्त्याची डावी कड, असं सगळ्या शहराचं एकमत आहे. मागून हॉर्न येतो तोही "कडेने जा" असाच येतो. ही कड कुणी नीट बघितलीये का कधी? रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढवून झाले, पण चेंबरची झाकणं होती तिथेच राहिली. त्यामुळे दर तीस-चाळीस पावलांवर एक चौकोनी खड्डा, वीतभर खोल. जिथे झाकण वर आणलंय तिथे ते इतकं वर आणलंय की त्याचा ओटा झालाय. पावसाच्या जाळ्या आहेत, त्यांच्या फटी बरोबर चाकाच्या दिशेने. ज्याने बसवल्या त्याला एकदा तरी वाटलं असेल का, की यावरून दोन बोटं रुंदीचं चाक जाणार आहे? डांबर संपून काँक्रीट सुरू होतं तिथे उभी भेग असते. त्यात टायर गेला की तुम्ही हँडल कुठेही वळवा, जायचं कुठे ते भेग ठरवते. मग खडी. मग नारळाच्या शेंड्या. मग उभी रिक्षा, जिच्या बाहेर आलेला पाय हा वळण्याचा इशारा आहे की नुसताच आलाय हे ज्याचं त्याने ओळखायचं.

आणि पिचकाऱ्या. गाडीचा दरवाजा सहा इंच उघडतो, डोकं बाहेर येतं, लाल धार सुटते. स्कूटरवाला निदान वेगाने पुढे निघून गेलेला असतो. माझा पाय मात्र बरोबर त्या उंचीला, बरोबर त्या वेळेला तिथे असतो. माझ्या तीन पँटचे घोटे असे रंगलेत.

सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला तेव्हा मी भोळसटासारखा खूश झालो होतो. गाड्या वरून जातील, खाली मोकळं होईल. झालं की मोकळं. पार्किंगला.

राजाराम पुलावरून उतरून डीपी रस्त्याला लागलं की खरं तर बरं वाटायला हवं. नदीकाठ आहे, झाडं आहेत. पण तिथे म्हात्रे पुलापर्यंत लॉन्सला लॉन्स लागून. लग्नाच्या तिथीला संध्याकाळी परत येताना त्या रस्त्यावर सायकल चालवून बघा. दोन्ही बाजूंना गाड्या, त्यांच्यापुढे आणखी एक ओळ गाड्या, मधल्या बोळात वरात, वरातीत डीजे, आणि घोड्यामागे जनरेटरची गाडी. परवा मी वीस मिनिटं नवरदेवाच्या मागे उभा होतो. त्यांच्या एका मामांनी मला फेटा बांधायचं तेवढं बाकी ठेवलं. "या ना काका, नाचा थोडं, व्यायाम होईल!"

हां. काका.

आता सायकल ट्रॅकबद्दल. जंगली महाराज रस्ता म्हणजे, खड्डे पडत नाहीत म्हणून पुणेकर सत्तरच्या दशकापासून ज्याचं कौतुक पाहुण्यांना ऐकवत आलेत, तोच. त्या रस्त्यावरून सायकल खरंच छान पळते. म्हणून मी रस्त्यावरूनच जातो, तर मागचा गाडीवाला काच खाली करून ओरडतो, "तुमच्यासाठी ट्रॅक केलाय ना!" बरं बाबा, जातो ट्रॅकवर. तर तोंडाशीच स्टीलचे खांब. दुचाक्या आत घुसू नयेत म्हणून. दोन खांबांमधलं अंतर असं नेमकं मोजलेलं, की माझं हँडल अडकतं. उतरा, सायकल तिरकी करा, सॅक सांभाळा, पलीकडे न्या. आणि ज्यांच्यासाठी खांब आहेत ते? ते दहा पावलांवरच्या दुकानाच्या उतारावरून सुळकन आत शिरतात आणि मागून मला हॉर्न देतात. सायकल ट्रॅकवर, सायकलवाल्याला, हॉर्न!

आत काय आहे म्हणता? एक झाड आहे. त्याचा मला राग नाही, ते माझ्या आधीपासून आहे. मग विजेचा पेटारा. मग फ्लेक्सचे बांबू, कुणाच्या तरी वाढदिवसाचे, चारही बांबू ट्रॅकमध्येच रोवलेले. मग आडवी लावलेली स्कूटर आणि तिच्यावर रेलून चहा पिणारे तिघं. मग ट्रॅक संपतो. कुठे वळत नाही, रस्त्याला मिळत नाही, उतारसुद्धा नाही. नुसता संपतो, पुढे अर्धा फूट कठडा आणि खाली वाहता रस्ता.

आणि चालणारे. यांच्यावर चिडायचा मला हक्क आहे की नाही हे मलाच कळत नाही, कारण त्यांचा फुटपाथ टपऱ्यांनी खाल्लाय म्हणून ते माझ्याकडे आलेत. समजतं मला. पण तीन मैत्रिणी अख्खा ट्रॅक व्यापून, मधली मागे वळून काहीतरी सांगतेय, आणि मी हळूच एकदा, अगदी एकदाच, घंटी वाजवली तर काय ऐकू यावं? "हो हो, विमान चुकतंय का?" एक आजोबा आहेत, ते घंटी ऐकून बाजूला होत नाहीत, जागच्या जागी थांबतात आणि हात पाठीमागे बांधून माझ्याकडे बघतात, जणू मी वर्गणी मागायला आलोय. एक लॅब्राडोर आहे. तो या कडेला, मालक त्या कडेला, मधे पट्टा. तो लॅब्राडोर सोडून बाकी कुणी मला कधी सॉरीसारखा चेहरा करून दाखवलेला नाही.

माझी खोड अशी की मला जुनंही आठवतं. २००६च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, सुरू झाली तेव्हा मी नोकरीला नवा होतो, त्या बाजूलाच राहायचो. रस्त्याकडेला सायकल ट्रॅक झाले तेव्हा मी मित्रांना पार्टी दिली होती. शपथेवर सांगतो, पार्टी! आज त्या ट्रॅकचे जे तुकडे शिल्लक आहेत त्यांवर टायरवाले आणि रोपवाटिका छान चालतात. मग २०१७च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, आठशे किलोमीटरच्या वरचं जाळं कागदावर आलं. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या. फोनने कोड स्कॅन केला की कुलूप उघडायचं. मी म्हटलं, झालं, आता पुणं पुन्हा सायकलींचं. काही महिन्यांत कुणाची सीट नाही, कुणाचं कुलूप फोडलेलं. आणि मग एक दिवस त्या दिसेनाशाच झाल्या.

२०२६च्या जानेवारीत तर कहर. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, चार टप्पे, ४३७ किलोमीटर, जिल्हाभर. बघायला मीही गेलो होतो, का नाही जाणार? त्या पोरांचा वेग बघून डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांच्यासाठी रस्ते कसे झाले होते ते बघून जास्त आलं. काळेभोर, सपाट, चेंबर समतल! म्हणजे येतं की! चेंबर समतल करता येतं! मला सहा वर्षं वाटत होतं की हे विज्ञानाला अजून जमलेलं नाही. पाहुणे येणार म्हणून बैठकीच्या खोलीतलं सोफ्याचं कव्हर बदलावं, तसं. आम्ही घरचे आहोत, आम्हाला सतरंजी.

हे सगळं का होतं याचा मी पेडल मारता मारता पुष्कळ विचार केलाय. या शहराने ठरवून टाकलंय की सायकलवाले दोनच प्रकारचे. एक रविवारचे. घट्ट कपडे, लाखाची सायकल, पहाटे सिंहगड नाहीतर बोपदेव घाट, येताना इडली. ते हौशी, म्हणजे त्यांना रस्त्याची गरज नाही. दुसरे काळ्या सायकलीवाले. हँडलला डब्याची पिशवी, कॅरियरला थापी आणि ओळंबा बांधलेला; रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन. ते गरीब, म्हणजे चार पैसे आले की आपोआप स्कूटर घेतील, मग त्यांच्यासाठी रस्ता कशाला? नुसता कामावर जाणारा माणूस, ज्याला सायकल सोयीची पडते, असा तिसरा कोणी यांच्या यादीतच नाही.

खोटं वाटतं? मागे एकदा माझ्या हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून आठवडाभर मी ते घातलं नाही. वर जुना शर्ट, साधी चप्पल. त्या आठवड्यात माझ्याच ऑफिसच्या इमारतीच्या नव्या सिक्युरिटीने मला गेटवर अडवलं. "ए, सामान मागच्या गेटने." पुढच्या सोमवारी हेल्मेट घातलं, तर तोच माणूस, "गुड मॉर्निंग सर, व्यायाम?" सायकल तीच, डबा तोच, मी तोच. त्या बिचाऱ्याला काय बोलू? तो स्वतः वारज्याहून सायकलनेच येतो आणि त्याची सायकल त्याला गेटबाहेर लावावी लागते, कारण आत पाटी आहे: "सायकली लावू नयेत. लावल्यास हवा सोडण्यात येईल." चारचाकीची हवा सोडायची पाटी मी अजून बघायची आहे.

तर मंगळवार. बालगंधर्वच्या अलीकडे, नऊ पन्नास. मी ट्रॅकवर नव्हतो, कारण ट्रॅकवर पाण्याचा टँकर होता. कडेला उभ्या एका मोठ्या गाडीचा दरवाजा उघडला, पूर्ण, एका झटक्यात. ब्रेक दाबेपर्यंत मी दरवाज्यावर होतो आणि मग खाली. नशीब, मागे बस नव्हती. गुडघा फुटला, पुढचं चाक आऊट झालं, डबा उघडला.

माणसं जमली. पुण्यातली माणसं जमली म्हणजे आधी चर्चासत्र. एकाने सायकल उचलून कडेला ठेवली, त्याचं भलं होवो. एकाने हळद लावायला सांगितली. एकाने विचारलं, "सायकल केवढ्याची?" सांगितलं, अठरा हजार. तो म्हणाला, "एवढ्यात जुनी स्कूटर आली असती की!" गाडीतून उतरलेला पोरगा तिशीचा असेल. दरवाज्यावरचा ओरखडा अंगठ्याने घासून बघत होता. मग माझ्याकडे वळला, आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "काका, या वयात कशाला असला व्यायाम करता?"

मी रस्त्यावर बसून शेपू गोळा करत होतो. मला काहीही सुचलं नाही. रात्री अंथरुणात चौदा उत्तरं सुचली, त्यातली अकरा इथे लिहिण्यासारखी नाहीत.

सायकल दुकानात टाकली. आऊट काढायचाय, चार तारा बदलायच्यात, "गुरुवारी या." म्हणून बुधवारी रिक्षाने गेलो. राजाराम पुलाच्या अलीकडे अडकलो, पंधरा मिनिटं तसूभर हललो नाही. शेजारून एक काळी सायकल हळूहळू पुढे सरकली, कॅरियरला थापी. तिने चेंबर चुकवायला हात-दीड हात उजवीकडे घेतलं, तर आमच्या रिक्षावाल्याने कचकचून हॉर्न दाबला.

"बघा ना साहेब! कशाला येतात हे रस्त्यावर? यांच्यामुळे सगळं जाम."

मी गुडघा चोळत मीटरकडे बघितलं. एकशे बारा झाले होते, आणि अजून डेक्कनसुद्धा आलं नव्हतं.