खवल्यांचा काढा गुडघ्यात जात नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. जिताड्याचे, तांबोशीचे खवले उकळून काढा प्या; त्यातलं कोलेजन थेट गुडघ्यात जाऊन झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचिक आवरण) भरतं; चाळिशीनंतर शरीर कोलेजन बनवत नाही; म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्या बंद करा.

खवल्यांत कोलेजन असतं, हे खरं. घोळ ‘थेट’पाशी आहे. कोलेजन हे प्रथिन. जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात, रक्तात पोचतात ती सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, आणि दोन-तीन आम्लांचे काही तुकडे. अख्खा धागा कधीच नाही. शिवाय खवल्यांतलं कोलेजन मुख्यतः पहिल्या प्रकारचं, गुडघ्याच्या कूर्चेतलं दुसऱ्या.

ते दुसऱ्या प्रकारचं कोलेजन कूर्चेतल्या पेशी स्वतःच बनवतात, आणि हे काम भलतंच किचकट आहे. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, जनुकाच्या निरोपाप्रमाणे अमिनो आम्लांची साखळी ओवतो. साखळीच्या सुरुवातीलाच आंतर्द्रव्यजालिकेत (प्रथिनं घडवणाऱ्या, पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) शिरण्याची खूण असते. प्रथिनांवरच्या अशा खुणांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. आत गेल्यावर साखळीतल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या काही मण्यांचं हायड्रॉक्सीप्रोलिन होतं, त्याला क जीवनसत्त्व लागतं. मग तीन साखळ्यांचा पीळ बसतो. हा पीळ सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, आणि प्रथिनं वाहणाऱ्या नेहमीच्या पुटिका, म्हणजे पडद्याच्या चिमुकल्या पिशव्या, ६० ते ८० नॅनोमीटरच्या! त्याला बाहेर काढायला टँगो-१ नावाचं वेगळं प्रथिन मदत करतं. पुढे गॉल्गी संकुल, म्हणजे पेशीतलं पाठवणी केंद्र, मग पेशीबाहेर. टोकं छाटली जातात ती बाहेर आल्यावर, तेव्हा कुठे तंतू तयार होतो.

गंमत म्हणजे काढ्यातलं आयतं हायड्रॉक्सीप्रोलिन इथे उपयोगी पडत नाही. रायबोसोमकडे त्याचा संकेतच नाही. साधं प्रोलिन ओवून ते नंतर बदलावं लागतं.

चाळिशीचं म्हणाल तर निर्मिती मंदावते, थांबत नाही. सत्तरीतल्या आजीचं मासे कापताना बोट कापलं तरी जखम भरते, आणि तो व्रण कोलेजनचाच असतो. निर्मिती खरंच बिघडते ती स्कर्व्हीत. क जीवनसत्त्वाअभावी खलाशांच्या जुन्या जखमाही उकलत. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि ते सुधारले. कोकणात पेरू, आवळे काय कमी आहेत?

कोलेजनच्या पावडरीने गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलंय. पण ती मोजून दिलेली पावडर होती, घरचा काढा नव्हे. आणि दुखणं कमी होणं म्हणजे कूर्चा भरणं नव्हे. काढा आवडत असेल तर प्या, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.