आत्ताच कशाला?

आबांना जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. निदानानंतर सात महिने मिळाले आणि त्यातले पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं, दम, भीती असा त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, वाट्याला आले शेवटचे अकरा दिवस. आधीच्या महिन्यांबद्दल आज लिहायचंय.

आबांना रात्री आडवं होता यायचं नाही. कॉटच्या कडेला बसायचे, पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर डोकं. पाठीत कळ यायची, दम लागायचा. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी कराडहून पुण्याला जायचो. तिथे रिपोर्ट बघायचे, गाठ किती कमी झाली ते सांगायचे. झोपेचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

दुसऱ्या महिन्यात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी म्हणाली होती, "पॅलिएटिव्हच्या ओपीडीत एकदा दाखवून घ्या." दादा तिच्यावर भडकला. "आत्ताच कशाला? ट्रीटमेंट चालू आहे अजून!" मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतं.

शेवटी पॅलिएटिव्हकडे पाठवणारी चिठ्ठी मिळाली ती केमो थांबवल्यावर. तिथल्या डॉक्टरबाई फाइल न उघडता आबांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आबा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आबा म्हणाले, "रात्रीची भीती वाटते." हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची, गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहायचं औषध. तिसऱ्या रात्री आबा पाठ टेकून झोपले. सकाळी दुधात भाकरी कुस्करून मागितली.

त्यानंतर मी यावर मिळेल ते वाचत गेले. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत निदान झाल्यापासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात उदासी कमी होती आणि शेवटी शेवटी केमोचा मारही कमी झाला. तरी आयुर्मानाचा मध्यक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. आबांचा आजार तोच. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते, उठून बाहेर गेले.

म्हणून माझं मत ठाम आहे: पॅलिएटिव्ह केअर कधी घ्यायची हे किती दिवस उरलेत यावर ठरवू नका, त्रास किती आहे यावर ठरवा. साधं दुखणं, मळमळ फॅमिली डॉक्टरनेच सांभाळावी. पण नेहमीच्या गोळ्यांनी दुखणं हटत नसेल, दम लागत असेल, पेशंट दिवसाचा निम्मा वेळ अंथरुणात असेल, काही महिन्यांत दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट व्हावं लागलं असेल, किंवा व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावर घरात भांडणं होत असतील, तर तज्ज्ञांकडे पाठवायची वेळ झाली. डॉक्टरांसाठी एक जुना प्रश्न आहे: हा पेशंट वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? "नाही" असं उत्तर आलं, तर चिठ्ठी लिहा. उपचार बंद करावे लागत नाहीत. दोन्ही सोबत चालतात.

आणि हे फक्त कॅन्सरपुरतं नाही. हृदय थकलेलं, किडनी गेलेली, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार), पार्किन्सन्स, डिमेन्शिया, सगळ्यांसाठी आहे. त्या घरांपर्यंत तर हा शब्दही पोचत नाही.

पाठवायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलचा विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र. तालुक्याच्या गावी मात्र मॉर्फिन मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. अमली पदार्थांचा कायदा २०१४ साली सुधारला, परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी मॉर्फिनची भीती गेलेली नाही. "सवय लागेल" असं आम्हालाही एका केमिस्टने ऐकवलं होतं. रात्रभर बसून काढणाऱ्या माणसाला कसली सवय लागणार होती?

आमच्या शेजारच्या काकूंचं हृदय पंधरा-वीस टक्क्यांवर आहे. दिवाळीपासून तीनदा अ‍ॅडमिट झाल्या. परवा त्यांचा मुलगा जिन्यात भेटला, तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. त्याने कार्डिओलॉजिस्टना स्वतःहून विचारलं आणि त्यांनी लगेच चिठ्ठी दिली. सोमवारी सकाळची अपॉइंटमेंट आहे. काकू म्हणाल्या, तूही चल. मी रजा टाकली आहे.