बोलुन्तारिओ

मुलगी नोकरीला माद्रिदला गेली आणि तिथून तिनं फर्मान सोडलं, "बाबा, रिटायर झालात ना, आता स्पॅनिश शिका. सक्ती नाही हं, तुमची मर्जी!" आमच्या घरात 'तुमची मर्जी' म्हणजे काय, हे 30 वर्षांच्या संसारात मला पुरतं कळलंय. दुसऱ्याच दिवशी पोवई नाक्यावरून दोनशे पानी वही आणली.

धडा नेमका स्वेच्छेचा निघाला. इच्छाशक्ती म्हणजे 'बोलुन्ताद', स्वयंसेवक म्हणजे 'बोलुन्तारिओ'. लिहायचा 'व', म्हणायचा 'ब'; त्यांना दोन्ही सारखेच. हा शब्द मला एका दमात पाठ झाला, कारण साताऱ्यात माणूस स्वयंसेवक होतो तो बोलूनच. मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एवढंच बोललो, "मंडपात रात्री कुणीतरी झोपायला पाहिजे." दहाही रात्री गणपती आणि मी.

'निवडणे'ला 'एलेखीर'. खीर लक्षात राहिली, पण 'मी निवडतो' म्हणायचं तर 'एलिखो' आणि 'आम्ही निवडतो'ला 'एलेखिमोस'. म्हणजे एकट्यानं निवडायला गेलं की क्रियापदाचा चेहरा बदलतो, 'आम्ही' म्हटलं की पुन्हा मूळपदावर. बायकोला हे व्याकरण फार पटलं.

खरी फजिती 'केरेर'नं केली. हवं असणं आणि प्रेम असणं, दोन्हीला हाच एक शब्द. त्यात चहाला म्हणतात 'ते'. 'किएरो ते' म्हणजे मला चहा हवाय. उलटं करून 'ते किएरो' म्हटलं तर माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी ओट्यापाशी जाऊन उलटं बोललो. अर्थ ऐकून ही म्हणाली, "असू दे. साखर संपलीय, आधी ती आणा." प्रेमही गेलं, चहाही गेला.

एक शब्द मात्र मनापासून आवडला: 'सिन केरेर'. शब्दशः अर्थ 'इच्छा नसताना', पण वापरतात 'चुकून' म्हणून. कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचं, सिन केरेर.

काल सोसायटीचे चेअरमन दारात. "काका, रविवारी अजिंक्यताऱ्यावर झाडांना पाणी घालायचंय. ऐच्छिक आहे. तुमचं नाव लिहिलंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सिन केरेर!"

"सीन नका करू हो काका," ते वहीवर टिक करत म्हणाले, "साडेपाचला पायथ्याशी या. येताना दोन कॅन आणा."